रुग्णालयातील हिंसा आणि राहून गेलेली तालीम : रुग्णालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय, महापालिका व खासगी रुग्णालयांचे अधिष्ठाते, जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि विश्वस्त यांस,

विषय : कर्मचाऱ्यांवरील हिंसा रोखण्यासाठी द्यावयाचे प्रशिक्षण

महोदय / महोदया,



रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवरील हिंसा मारहाणीपासून सुरू होत नाही. केसपेपरच्या खिडकीवरची शिवीगाळ, ‘बाहेर ये, मग बघतो’ ही धमकी, सिस्टरच्या अंगावर धावून जाणे, मोबाइल तोंडासमोर धरून केलेले चित्रण, वाट अडवून घातलेला घेराव, विनयभंग, यंत्रांची तोडफोड आणि शेवटी शारीरिक इजा, एवढा तिचा पल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के जणांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. शिव्या आणि धमक्या सोसणारे याहून पुष्कळ अधिक आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये संमत झाला आणि २५ जून २०२१ पासून अमलात आला. कामाच्या ठिकाणच्या हिंसेच्या व्याख्येत त्याने धमकीचाही समावेश केला आहे.

हल्लेखोराचे रुग्णालयाशी नाते काय, यावरून या हिंसेचे चार प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात चोरी किंवा अन्य गुन्ह्याच्या हेतूने बाहेरचा माणूस आत शिरतो. दुसऱ्या प्रकारात रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक हल्ला करतात. आपल्याकडच्या बहुतेक बातम्या याच प्रकारातल्या असतात. जानेवारी २०२३ मध्ये यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दाखल रुग्णाने फळे कापायच्या सुरीने निवासी डॉक्टरवर वार केले. तिसऱ्या प्रकारातला हल्लेखोर सहकारीच असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार करणारा त्याच रुग्णालयाचा सफाई कर्मचारी होता. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. चौथ्या प्रकारात घरातले भांडण कामाच्या जागी येते. पती, जोडीदार किंवा पाठलाग करणारा कुणी थेट वॉर्डात येऊन उभा राहतो.

या चारांपैकी दारावरचा पहारेकरी प्रामुख्याने पहिला प्रकार अडवू शकतो. रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी यांना आत यायचा हक्कच आहे. त्यामुळे दारावर माणसे वाढवली की प्रश्न सुटला, हे गणित मुळातच तोकडे पडते. तरीही आजवरचे जवळजवळ सगळे उपाय पहारा आणि शिक्षा या दोनच गोष्टींभोवती फिरले आहेत.

कायदे पुरेसे आहेत. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २०१० चा. त्यानुसार असा हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वसूल करता येते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले आणि शासनाने महाराष्ट्र सुरक्षा बलाचे ११०० जवान देण्याचे मान्य केले. कोविडच्या काळात २२ एप्रिल २०२० च्या केंद्रीय अध्यादेशाने शिक्षा आणखी कडक झाली, पण ती साथरोगापुरती.

तरीही हल्ले थांबले नाहीत. १० मे २०२३ ला केरळमधील कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात पोलिसांनीच उपचारासाठी आणलेल्या माणसाने ड्रेसिंग चालू असताना कात्री उचलून एका तरुण डॉक्टरचा जीव घेतला. पोलिस तिथे हजर होते. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरची बलात्कार करून हत्या झाली. त्यात दोषी ठरलेला नागरी स्वयंसेवक रुग्णालयात सहज ये-जा करणारा होता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच्यापुढे ठेवलेल्या विषयांत डॉक्टर, परिचारिका व मदतनीस यांना शोक आणि आणीबाणी हाताळायला शिकवणाऱ्या कार्यशाळांचाही समावेश होता. जवान, सीसीटीव्ही आणि फाशीच्या मागणीवर चर्चा झडली. प्रशिक्षणाचा हा मुद्दा मात्र मागे पडला. रुग्णालयप्रमुखांकडे मांडायच्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

पहिली तक्रार प्रशिक्षणाच्या रीतीबद्दल आहे. जिथे प्रशिक्षण होते तिथे ते बहुतेकदा दुपारच्या व्याख्यानापुरते असते. सभागृह, पडद्यावर इंग्रजी स्लाइड, हजेरीपटावर सह्या आणि शेवटी फोटो. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, हे खरे. पण वर्गात शिकलेला संवाद रात्री दोन वाजता, ट्रॉलीभोवती वीस माणसे जमलेली असताना आपोआप तोंडी येत नाही. आग लागल्यावर काय करायचे हे कुणी फक्त ऐकून शिकत नाही, त्याची कवायत घ्यावी लागते. हिंसेचे प्रशिक्षणही त्याच जातीचे आहे.

दुसरी तक्रार, ते कुणाला दिले जाते याबद्दल. नातेवाइकांची पहिली गाठ पडते ती गेटवरच्या कंत्राटी रखवालदाराशी, केसपेपर काढणाऱ्या लिपिकाशी, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांशी आणि वॉर्डातल्या मावशीशी. ठिणगी बहुतेक वेळा इथेच पडते. व्याख्यानाचे निमंत्रण मात्र डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्यापलीकडे क्वचितच जाते. कंत्राटी माणूस रुग्णालयाच्या आस्थापनेवर नसतो, म्हणून तो प्रशिक्षणाच्या यादीतही नसतो.

तिसरी तक्रार नोंदीची. मारहाण झाली तर कागद होतो; शिवीगाळ, ढकलाढकली आणि धमकी यांचा होत नाही. ‘हे रोजचेच आहे’ म्हणून कर्मचारी गप्प बसतात, कारण तक्रार केली तर जबाब, हेलपाटे आणि वरिष्ठांची नाराजी एवढेच पदरी पडते. परिणामी कोणत्या विभागात, कोणत्या वेळी आणि कशावरून प्रसंग घडतात याची माहितीच साचत नाही, आणि माहितीशिवाय आखलेले प्रशिक्षण अंदाजपंचे होते.

चौथी तक्रार सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. हल्ल्यानंतरच्या चौकशीचा पहिला प्रश्न बहुधा ‘तू काय बोललीस?’ हा असतो. संवादाचे प्रशिक्षण दिले म्हणजे हल्ल्याचा दोष मार खाणाऱ्यावर टाकायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. हल्ल्याला जबाबदार हल्लेखोरच असतो. प्रशिक्षणाचा उद्देश कर्मचाऱ्याच्या हाती काही साधने देणे एवढाच आहे.

ही साधने कोणती, ते क्रमाने पाहता येते.

आधी धोका ओळखणे. हल्ले बेवेळी आणि कुठेही होतात असे वाटले, तरी त्यांच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. रात्रीचा अपघात विभाग, आयसीयूचे दार, प्रसूतिगृह, मनोरुग्ण विभाग, शवविच्छेदनाची वाट पाहणारे नातेवाईक आणि खासगी रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी बिलाची खिडकी. बेड नाही म्हणून दुसरीकडे पाठवणे, ड्युटी बदलताना वीस मिनिटे कुणीच नीट उत्तर न देणे आणि मृत्यूची बातमी, हे त्यातले नाजूक क्षण. ऑस्ट्रेलियातील परिचर्या संशोधकांनी २००७ मध्ये आपत्कालीन विभागाच्या निरीक्षणातून हिंसेच्या पूर्वखुणा नोंदवल्या. रोखून पाहणे, आवाजाचा सूर चढणे किंवा टोचून बोलणे, अस्वस्थता, तोंडातल्या तोंडात पुटपुटणे आणि येरझाऱ्या घालणे अशा त्या पाच खुणा आहेत. त्या सिस्टरप्रमाणेच मामांना आणि रखवालदारालाही ओळखता आल्या पाहिजेत. नशा, डोक्याला मार, रक्तातील साखर उतरणे आणि वातभ्रम यांमुळे आक्रमक झालेल्या रुग्णाला आधी वैद्यकीय उपचार लागतात, हा फरकही शिकवावा लागतो.

त्यानंतर तणाव निवळवणे. याचे नियम थोडे आहेत, पण सरावाने अंगवळणी पाडावे लागतात. दोन हातांचे अंतर ठेवावे. दार अडवू नये, आणि स्वतःची बाहेर पडायची वाटही अडू देऊ नये. बोलणारा एकच असावा. चौघे एकदम बोलू लागले की आवाज चढतात. वाक्ये छोटी असावीत. ‘ओरडू नका, बाहेर व्हा’ म्हटल्याने माणूस आणखी पेटतो. ‘तुम्ही घाबरलात हे दिसतंय. पेशंट आत आहे, ऑक्सिजन लावलाय, ईसीजी चाललाय. दहा मिनिटांत मी स्वतः बाहेर येऊन सांगते. तुमच्यातलं एक जण माझ्याशी बोला,’ एवढ्या बोलण्यात भावनेची दखल, माहिती, वेळेची हमी आणि गर्दीतून एकाची निवड या चारही गोष्टी येतात. दहा मिनिटे म्हटले की दहा मिनिटांनी बाहेर आलेच पाहिजे. आतली स्थिती तशीच असली तरी येऊन ‘अजून बदल नाही’ एवढे सांगावे लागते. माणूस ऐकेनासा झाला तर मर्यादा स्पष्ट शब्दांत घालावी. ‘तुमची तक्रार ऐकून घेते, पण हात उचलला तर मला पोलिसांना बोलवावे लागेल.’ पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नये.

मग सुटका आणि मदत. बोलणे चालेनासे झाल्याची खूण कोणती, हे आधी ठरलेले हवे, म्हणजे कुणी भिडेपोटी शेवटपर्यंत थांबत नाही. अपघात विभागातली कवायत अशी घेता येते. एक कर्मचारी चिडलेला नातेवाईक होतो, दोघे त्याचे साथीदार. सिस्टर ठरलेला सांकेतिक शब्द फोनवर उच्चारते. मामा सलाइनचा स्टँड, कात्र्यांचा ट्रे आणि रिकामा ऑक्सिजन सिलिंडर हाताच्या टप्प्यातून बाजूला करतात. इंटर्न इतर रुग्णांना पडद्यामागे नेते. रखवालदार दार उघडे ठेवून उभा राहतो आणि गर्दी पांगवतो. वरिष्ठ डॉक्टर बोलण्याची सूत्रे हाती घेतो. लिपिक पोलिस ठाण्याला फोन लावतो आणि वेळ लिहून ठेवतो. पहिल्या कवायतीत फोन लागत नाही, धोक्याची घंटा वाजत नाही, मागचे दार कुलूपबंद असते, हे सगळे उघडे पडते. कवायतीचा निम्मा फायदा तोच. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची न तुटणारी दोरी हल्लेखोराच्या हाती सापडू शकतात, हेही अशाच वेळी लक्षात येते. एखाद्याने हात वा केस पकडले तर सोडवून घेण्याच्या साध्या युक्त्या शिकवाव्यात. प्रतिहल्ला शिकवू नये.

मृत्यूची बातमी देणे हा स्वतंत्र धडा आहे. २००० मध्ये अमेरिका व कॅनडातील कर्करोगतज्ज्ञांनी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. योग्य जागा निवडणे, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती ऐकायचे आहे ते जाणणे, सोप्या शब्दांत माहिती देणे, भावनांना जागा देणे आणि पुढचे सांगणे. आपल्याकडे ही बातमी बहुतेकदा पॅसेजमध्ये, उभ्या-उभ्या, सर्वांत नवख्या डॉक्टरच्या तोंडून जाते आणि तो पाठ फिरवून आत निघून जातो. ती निदान दोघांनी मिळून, खोलीत बसून द्यावी. दार जवळ असावे आणि रखवालदाराला आधीच सांगून ठेवलेले असावे. प्रकृती खालावत असल्याची कल्पना टप्प्याटप्प्याने दिली असेल तर शेवटचा धक्का तेवढा अनपेक्षित राहत नाही. मृतदेह कधी मिळेल, शवविच्छेदन का लागेल, गाडी कुठे मिळेल हेही त्याच वेळी सांगितले, तर पुढच्या दोन तासांतला संताप पुष्कळ टळतो.

शेवटी हल्ल्यानंतरची कामे. जखमीवर उपचार, वैद्यकीय-न्यायिक नोंद, कपडे व फोडलेल्या वस्तू जागच्या जागी जपणे, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी वेगळे काढणे, साक्षीदारांची नावे टिपणे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या १६ ऑगस्ट २०२४ च्या परिपत्रकानुसार हिंसेच्या घटनेनंतर सहा तासांत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. यातला ‘संस्थेतर्फे’ हा भाग महत्त्वाचा. मार खाल्लेल्या इंटर्नने एकटीने पोलिस ठाण्यात बसून राहायचे, ही पद्धत परिपत्रकाने चुकीची ठरवली. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सगळ्यांशी एक-दोन दिवसांत शांतपणे बोलणे आणि समुपदेशनाची सोय करणे हाही प्रतिसादाचाच भाग आहे. झोप उडणे, कामावर यायची भीती वाटणे, त्या वॉर्डात पाऊल न टाकवणे ही दुखापतच आहे.

प्रशिक्षणाच्या मर्यादाही मांडायला हव्यात. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील आक्रमकतेविषयीच्या प्रशिक्षणाचा कॉक्रेन संस्थेचा पद्धतशीर आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाने ज्ञान आणि दृष्टिकोन काही काळ सुधारतात. हल्ल्यांची संख्या मात्र केवळ त्याने कमी होते असे दिसत नाही, असा त्याचा सूर होता. याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. ते एकट्याने पुरत नाही, एवढाच आहे. एका निवासी डॉक्टरमागे साठ रुग्ण, एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड आणि बाकड्यावर सहा तासांची प्रतीक्षा असेल, तर गोड बोलण्याचे धडे ही थट्टाच ठरते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याची आरोग्यसेवेसाठीची मार्गदर्शिका म्हणूनच पाच अंगे एकत्र मांडते. व्यवस्थापनाची बांधिलकी व कामगारांचा सहभाग, जागेची पाहणी, धोक्यांवर नियंत्रण, प्रशिक्षण आणि नोंदी. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १ जानेवारी २०२२ पासून रुजू होताना आणि दर वर्षी असे प्रशिक्षण देणे आवश्यक केले आहे.

या सर्वांच्या आधारे रुग्णालयप्रमुखांना पुढील विनंत्या आहेत.

एक, प्रत्येक विभागाची पाहणी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन आणि रात्रीच करावी. अंधारे जिने, बंद पडलेले फोन, कडी नसलेल्या ड्युटी-रूम आणि एकच दार असलेल्या खोल्या यांची यादी करून दुरुस्तीची तारीख जाहीर करावी.

दोन, रुजू होताना आणि त्यानंतर दर वर्षी, ड्युटीच्या वेळेत, मराठीतून आणि कामाच्या जागीच प्रशिक्षण द्यावे. रखवालदार, सफाई कामगार व लिपिक पुरवणाऱ्या कंत्राटाच्या निविदेतच ही अट घालावी. निवासी डॉक्टर आणि इंटर्न ठरावीक काळाने बदलतात, त्याप्रमाणे वेळापत्रक आखावे.

तीन, अपघात विभाग, आयसीयू आणि प्रसूतिगृहात दर तीन महिन्यांनी कवायत घ्यावी. निदान एक कवायत रात्री आणि स्थानिक पोलिस ठाण्याच्या सहभागाने व्हावी. पोलिसांनी आणलेल्या व्यक्तीला तपासताना कोण कुठे उभे राहील, हेही त्यांच्याशी बोलून लेखी ठरवावे.

चार, नातेवाइकांशी बोलण्यासाठी एक खोली राखावी. समाजसेवा अधीक्षकांची सेवा रात्रीही मिळेल अशी व्यवस्था करावी. गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांना ठरावीक वेळाने माहिती देण्याची जबाबदारी नावानिशी नेमून द्यावी.

पाच, शिवीगाळीपासूनच्या प्रत्येक घटनेसाठी एक पानी, मराठी नोंदपत्रक असावे. नोंद करणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, याची लेखी हमी द्यावी. सहकाऱ्याकडून होणारा त्रासही त्यात यावा. लैंगिक छळाच्या तक्रारी मात्र २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडेच जाव्यात, आणि त्या समितीच्या सदस्यांची नावे व फोन क्रमांक प्रत्येक वॉर्डात लावलेले असावेत.

सहा, गुन्हा संस्थेने नोंदवावा, वकिलाचा खर्च संस्थेने करावा आणि जखमीला भरपगारी रजा द्यावी. या आशयाचे परिपत्रक आजच काढावे, पुढच्या घटनेची वाट पाहू नये.

सात, वर्षाअखेरीस चार आकडे जाहीर करावेत : एकूण घटना किती, प्रशिक्षण मिळालेले कर्मचारी किती टक्के, संस्थेने नोंदवलेले गुन्हे किती आणि त्यांतली आरोपपत्रे किती. पहिल्या वर्षी घटनांचा आकडा वाढलेला दिसेल, कारण गप्प बसणारे बोलू लागतील. त्या वाढीबद्दल कुणाही विभागप्रमुखाला दोष देऊ नये.

यांपैकी पाहणी, कवायत, नोंदपत्रक आणि परिपत्रक यांना ना नवा कायदा लागतो, ना मंत्रालयाची मंजुरी. ती कामे रुग्णालयप्रमुखाच्या सहीने होऊ शकतात. बाकीच्यांसाठी निधी आणि पदे मागावी लागतील, आणि त्या मागणीला पहिल्या वर्षाच्या नोंदींचाच आधार मिळेल.



आपला नम्र,
एक नागरिक